डीप

मैदान सपाट असतं, तरी एखादा गडी डीपमध्ये उभा असतोच. डीप मिडविकेट, डीप पॉइंट, डीप स्क्वेअर लेग. त्यात खाली जाण्याचा प्रश्नच नाही. बिचारा सीमारेषेला खेटून उभा आहे, एवढंच. समालोचक मात्र ‘डीपमध्ये झेल!’ असं ओरडतो, की वाटावं गड्याने विहिरीतनं चेंडू वर काढला.

ब्लाउज शिवणाऱ्याकडे हीच खोली इंचांत मोजतात. ‘मागनं डीप, पुढनं नॉर्मल’ एवढं सांगितलं की पुरतं. टेप पाठीवर सरकते.

“ताई, आठ ठेवू?”

“आठ नको हो, साडेसात. सासूबाई येणारेत लग्नाला.”

गळा किती उतरायचा हे शेवटी पाहुण्यांच्या यादीवर ठरतं.

स्वयंपाकघरात तेलाचा हिशेब. वडा बुडाला तर डीप, सुरमई तव्यावर अर्धी उघडी राहिली तर शॅलो. गाडीवरचा वडेवाला मात्र नुसतं तळतो. ‘डीप फ्राय’ मला ऐकू येतं ते आहारतज्ज्ञांकडून, आणि पाठोपाठ ‘बंद करा’ हेही.

संगणकवाल्यांची तऱ्हा और. डग्लस ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड’मधलं ‘डीप थॉट’ हे अगडबंब यंत्र विश्वाचं कोडं सोडवायला ७५ लाख वर्षं घेतं आणि उत्तर देतं : ४२. ही निव्वळ थट्टा. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मुलांनी आपल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राला तेच नाव दिलं. त्याचा वारस ‘डीप ब्लू’. १९९७ मध्ये त्याने खुद्द जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं आणि थट्टेतलं डीप चारचौघांत मानाने मिरवू लागलं. ‘डीप लर्निंग’चं घराणं वेगळं. तिथे डीप म्हणजे एकावर एक रचलेले थर; २०१५ च्या ‘रेसनेट’ या मॉडेलमध्ये ते १५२ होते. एवढ्या थरांच्या तपश्चर्येतून पुढे ‘डीपफेक’ही निघालं, म्हणजे याच्या धडावर त्याचा चेहरा. कारभार सगळा वरवरचा, नाव मात्र डीप.

माझं लाडकं डीप कविसंमेलनातलं. कविता संपते. दोन क्षण कोणी हलत नाही. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी डोळे मिटून म्हणतं, “डीप आहे हं!” त्यानंतर अर्थ विचारायची कोणाची छाती होत नाही, कवीचीसुद्धा नाही.