अस्थिर आवृत्ती

सॉफ्टवेअर बाजारात येण्याआधी त्याची एक कच्ची आवृत्ती काढतात, तिला बीटा म्हणतात. ती उतरवून घेताना पडद्यावर एक पाटी येते : यात चुका आहेत, तुमची माहिती नष्ट होऊ शकते, रोजच्या वापरातल्या यंत्रावर हे टाकू नये. चारचौघं ही पाटी वाचून मागे फिरतात. बीटाकाका ती वाचून चष्मा पुसतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, “अगं, जरा अर्धा तास टीव्ही लावू नकोस.”

काकूंना हा अर्धा तास चांगला ठाऊक आहे. त्या गॅस बंद करतात, लोकरीची पिशवी उचलतात आणि शेजारी आमच्याकडे मालिका बघायला येतात. तो अर्धा तास संपेपर्यंत मालिकेतली सून घर सोडून गेलेली असते आणि परतही आलेली असते.

असे काका मुंबईच्या प्रत्येक उपनगरात निघतात. अंधेरीत सिनेमा-मालिकांच्या एडिटिंगवाल्यांना टेराबाइटच्या हिशेबात फुटेज सांभाळावं लागतं, पण ती मंडळी या जमातीत मोडत नाहीत. ते साठवणीची तयार पेटी विकत आणतात, एकदा लावतात आणि मग तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ज्याचं पोट साठवणीवर अवलंबून आहे तो बीटा टाकत नाही, हे या शास्त्रातलं पहिलं सूत्र. घाटकोपरचा काका शेअरबाजारातला असतो. टेराबाइटमागे आज काय भाव पडतो हे तो झोपेतही सांगेल. बोरिवलीचा बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याच्याकडे एक फाइल पुसायची म्हटली तरी मेकर वेगळा आणि चेकर वेगळा लागतो. पण अस्सल नमुना बघायचा तर मुलुंड पूर्वेला, आमच्या बी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर या.

हे आमचे काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. डायल टोन नाही, क्रॉस कनेक्शन लागतंय, पावसात खरखर येते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, टेस्ट डेस्कवरून लाइन तपासायची आणि ग्राहकाला सांगायचं, “आमच्या बाजूनं लाइन ओके दिसतेय.” निवृत्तीनंतर माणसाला काय करायचं राहून गेलं ते आठवतं. काकांची तक्रार करायची राहून गेली होती.

ते ज्यावर बीटा टाकतात तो घरचा सर्व्हर, म्हणजे साठवणीची पेटी, बाल्कनीत आहे. बाल्कनी म्हणजे उपनगरी अर्थानं बाल्कनी : ग्रिल लावून, काचा सरकवून खोलीत ओढून घेतलेली. तिथे वॉशिंग मशीन होतंच, त्याच्या शेजारी जुन्या कॅबिनेटमध्ये सहा हार्डडिस्क चोवीस तास फिरतात. या शेजारातून घरातला एक महत्त्वाचा कायदा जन्माला आला. मशीन कपडे पिळायला लागलं की हादरे बसतात, आणि फिरत्या डिस्कला हादरे सोसत नाहीत. म्हणून काकूंनी पिळायचं बटण दाबण्याआधी हाक द्यायची, काकांनी चालू काम थांबवायचं आणि मग परवानगी द्यायची. रविवारी सकाळी जिन्यातून जाताना “पिळू?” “थांब, चौऱ्याऐंशी टक्के झालंय!” असा संवाद ऐकू येतो. नव्यानं राहायला आलेल्यांना तो समजायला वेळ लागतो.

डिस्क खरेदी हा तर सोहळाच. लॅमिंग्टन रोडला जायचं, पण दोन डिस्क एका दुकानातून घ्यायच्या नाहीत. एकाच खेपेतल्या डिस्क एकाच सुमाराला दगावतात, असं या जमातीचं पक्कं मत आहे. “सख्ख्या दोघी बहिणी एका घरात देऊ नयेत म्हणतात, तसं,” असं काकूंनी एकदा मला समजावून सांगितलं. मग ग्रँट रोडला स्लो लोकल, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे आणि तिथून पुढे पुन्हा स्लो, कारण फास्ट गाडीत धक्के. मुलुंडपर्यंत डिस्क मांडीवर. एकदा एका बाईंनी त्यांना आपणहून खिडकी दिली. मांडीवर इतकं जपून धरलेलं म्हणजे घरच्या कुणाच्या तरी अस्थी असणार, असा त्यांचा समज झाला असावा.

आता या सगळ्यात साठवलंय काय, हा प्रश्न कुणीही विचारेल. विजेची बिलं आहेत. ज्या मिक्सरचं भांडंसुद्धा आता घरात नाही त्याचं माहितीपत्रक आहे. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं आहेत, कॅसेटच्या खरखरीसकट. पुतणीच्या लग्नाचं न कापलेलं चित्रण आहे, ज्यात मांडवातला एक पंखा बराच वेळ एकटाच दिसतो. आणि १ जून २०२१ पासून अख्ख्या बी विंगचे फोटो आहेत. त्या दिवशी गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि पंधरा जीबीचं कुंपण पडलं. लोक हवालदिल झाले. काका जिन्यात उभे राहून म्हणाले, “द्या माझ्याकडे.” आमच्या विंगमधली बारशी, मुंजी, साठीशांती, सगळं त्या बाल्कनीत जाऊन पडलं. आपले फोटो एका अस्थिर आवृत्तीवर झोके घेत आहेत याचा कुणाला पत्ता नव्हता. काकांनी ते लपवलं असं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

काकांनी यातला एकही फोटो कधी उघडून पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी फोटो हे वजन. पूल किती भार घेतो हे बघायला त्यावरून मालट्रक नेतात, मालात काय आहे ते बघत नाहीत.

इतिहासाची मात्र त्यांना फार आवड, आणि तारखा तोंडपाठ. मायक्रोसॉफ्टनं २००७ साली विंडोज होम सर्व्हर आणला. त्याच्या जाहिरातीसाठी मुलांच्या चित्रपुस्तकाच्या थाटात एक पुस्तिका काढली होती. आई, घरात सर्व्हर का गं आहे, अशा अर्थाचं तिचं नाव. मुलुंडमध्ये हा प्रश्न आईनंच बाबांना विचारला आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस उघड झालं की एकाहून जास्त डिस्क असतील, तर त्यावरच्या फायली काही प्रोग्राममधून थेट उघडून बदलल्यावर बिघडू शकतात. दुरुस्ती आली जुलै २००८ मध्ये. पुढे नव्या आवृत्तीची बीटा जगभरचे हौशी लोक तपासत असताना, नोव्हेंबर २०१० मध्ये, कंपनीनं जाहीर केलं की ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढून टाकतोय. लहानमोठ्या डिस्क एकत्र बांधून एकच मोठं कोठार करण्याची ती सोय, आणि लोकांनी हा सर्व्हर घेतला होता तो बऱ्याच अंशी तिच्यासाठीच. काका हे पानिपतच्या सुरात सांगतात. पुढच्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर भाव भडकले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईकराला हे ऐकून गहिवरून यावं, पण काका एवढंच म्हणतात, “मी चार आधीच घेऊन ठेवल्या होत्या.”

ड्राइव्ह एक्स्टेंडर गेल्यापासून ते फुकट सॉफ्टवेअरच्या संप्रदायात आहेत. फ्रीनॅस २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच माणसानं सुरू केलं. आज त्याच्याच वंशात ट्रूनॅस आहे. त्याखाली झेडएफएस हे फायली मांडून ठेवणारं तंत्र, मूळ सन मायक्रोसिस्टिम्सचं. हे प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण वेगळी जपून ठेवतं. ठरलेल्या दिवशी डिस्कवरचा सगळा साठा वाचून काढतं, खूण जुळली नाही तर दुसऱ्या प्रतीवरून तो तुकडा नीट करतं. याला स्क्रब म्हणतात. काकांच्या घरी स्क्रब दर रविवारी पहाटे दोन वाजता, आणि काका जागे.

एवढा धाडसी माणूस एका बटणाला मात्र घाबरतो. नवी आवृत्ती टाकली की पडद्यावर विनंती येते : तुमचा पूल अपग्रेड करा. इथे पूल म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कचं कोठार. ते एकदा दाबलं की जुन्या आवृत्तीला तो पूल उघडता येईलच असं नाही. परतीची वाट बंद. काकांनी ते आजवर दाबलेलं नाही. शिवाय तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा नियम ते सोवळ्यासारखा पाळतात. घराबाहेरची प्रत डोंबिवलीला बहिणीकडे, गोदरेजच्या कपाटात, पैठणीखाली. म्हणजे काकांच्या निधडेपणाचा खरा आधार डोंबिवलीच्या आत्या. त्यांना वाटतं भाऊ दर महिन्याला मायेनं भेटायला येतो.

घरात बीटा केव्हा टाकायची हे काकू ठरवतात. गणपती ते अनंत चतुर्दशी बंदी. नातवाची परीक्षा, बंदी. भारत–पाकिस्तान सामना असेल तर आदल्या संध्याकाळपासून बंदी. मोठमोठ्या कंपन्यांत या कामाला पगारी माणूस ठेवतात.

पण काकांची खरी ओळख बीटातल्या चुकांबद्दल ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवतात त्या तक्रारींच्या लिखाणात. साधी भाषा, एक विशेषण नाही. काय केलं त्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आवृत्ती क्रमांक. हीच शिस्त त्यांनी सोसायटीलाही लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “काका, तुमच्या न्हाणीघरातून आमच्याकडे गळतंय.” काकांनी विचारलं, “पुन्हा घडवून दाखवता येईल का?” मग काका वर एकेक नळ सोडून बघताहेत आणि वहिनी खालून ओरडून निकाल सांगताहेत, असं बराच वेळ चाललं. प्लंबर आला, त्यानं भिंतीवर दोन टकटक केल्या आणि जागा दाखवली. काका हळहळले. “मेथड नाही त्याच्याकडे,” म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात एक नवी बीटा आली. पाटी नेहमीपेक्षा मोठी, काका खुशीत. टाकली. आणि काहीच बिघडलं नाही. यंत्र सुरू झालं, डिस्क सहाच्या सहा दिसल्या, बी विंगचे फोटो जागच्या जागी. काका खचले. जेवणात लक्ष लागेना. काकूंनी त्यांचं समाधान व्हावं म्हणून न सांगता कपडे पिळून पाहिले, तरी काही नाही.

रविवारी पहाटे दोनला काका बाल्कनीत कान लावून बसले. दोन वाजले, आवाज नाही. सव्वादोन, नाही. अडीचला डिस्क घरघरल्या. काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. स्क्रब अर्धा तास उशिरा सुरू झाला होता! नव्या आवृत्तीतलं वेळापत्रक प्रत्येक देशाच्या वेळेचा ग्रीनिचशी असलेला फरक पुऱ्या तासांत मोजत होतं. आपले साडेपाच तास त्यानं पाच धरले. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या देशात अर्धा तास कुणाला लागतच नसणार. या शहराला तर या अर्ध्या-पाऊण तासांचं फार जुनं दुखणं आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

काकांनी तक्रार लिहिली. अखेरीस एक ओळ जास्तीची घातली : पावणेसहाचा फरक असल्याने काठमांडूच्या वापरकर्त्यांस पाऊण तासाचा विलंब संभवतो. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘माझ्या यंत्रावर हे होत नाही.’

काका कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. लाइन ओके दिसतेय, हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. पण ग्राहक कसा पिच्छा पुरवतो हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पुढच्या रविवारी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ, त्या दिवशीची तारीख आणि गप्प सर्व्हर, असं दोन ते अडीच सलग चित्रण केलं. मध्ये काकू पाणी प्यायला येऊन काहीतरी बोलून जातात, ते त्यांनी कापलं नाही. पुराव्याला कात्री लावायची नसते.

पुढच्या बीटाच्या यादीत एक ओळ होती : अर्ध्या व पाऊण तासाच्या कालविभागांत नियोजित कामे उशिरा सुरू होण्याची चूक दुरुस्त. नाव कुणाचंच नाही. काकांनी त्या ओळीचं मराठी करून, ठळक अक्षरांत छापून सोसायटीच्या फलकावर लावलं, टाकी धुण्याची सूचना आणि थकबाकीदारांची यादी यांच्या मधोमध.

तळमजल्यावरच्या आजींनी ती टाकीच्या सूचनेला जोडून वाचली. अर्ध्या तासानं उशीर, नियोजित, एवढं त्यांना पुरलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगमध्ये बातमी पोचली की उद्यापासून पाणी अर्धा तास उशिरा येणार. रात्री पिंपं, बादल्या, कळशा, कूकरची भांडीसुद्धा भरून ठेवली गेली. सकाळी पाणी नेहमीच्या वेळेला आलं आणि रात्रीच तळ गाठलेल्या टाकीत ते वर चढेपर्यंत चौथ्या मजल्यावर आठ वाजले.

सेक्रेटरी स्वतः वर आले. हातात कागद, त्यावर काकांच्याच नमुन्यात तक्रार. पायऱ्या : सूचना वाचली, पिंप भरलं. अपेक्षित : पाणी उशिरा. प्रत्यक्षात : पाणी वेळेवर, टाकी रिकामी.

काकांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला आणि परत दिला. आवृत्ती क्रमांक लिहायचा राहिला होता.