अण्णांचा शेरा

आमच्या कॉलनीतला माणूस अण्णांना विचारल्याशिवाय देवालासुद्धा जात नाही. म्हणजे तसा जातो, पण परत आल्यावर "कशाला गेला होतात?" हे ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा आधी विचारलेलं परवडतं. आता नाशिकला ज्याचं घर आहे त्याच्याकडे पाहुणे काही त्याचं तोंड बघायला येत नाहीत. ते गोदावरीसाठी येतात, त्र्यंबकराजासाठी येतात आणि जाता जाता आपल्याकडे जेवतात. पहिला चहा संपायच्या आत पाहुणा विचारतो, "इथं बघण्यासारखं काय काय आहे हो?" मग यजमान गॅलरीतून हाक मारतो, "अण्णा, जरा येता का?"

अण्णा येतात. ते नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. छापलेल्या शीटमधला दोष हुडकायचा, हेच त्यांनी हयातभर केलं. कुठे शाई पसरलीय, कुठे आकडा सरकलाय, कुठे कड तिरकी गेलीय. नोकरी सुटली, पण नजर सुटली नाही. विजेचं बिल हातात आलं की अण्णा ते आधी खिडकीच्या उजेडात धरतात आणि मग रक्कम वाचतात. लग्नपत्रिकाही तशीच धरतात. एकदा आमच्याकडची पापडी त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरलेली मी पाहिलीय. त्यानंतर ती त्यांनी खाल्ली, पण आमच्या हिने त्यांना पुन्हा पापडी वाढली नाही.

तीर्थक्षेत्रांवर त्यांचे शेरे तयार असतात. "त्र्यंबकला पहाटे पाचला पोचणार असाल तर जा. उशिरा गेलात तर हातातला बेल वाळतो." "काळारामाला जा, पण चपला रिक्षातच ठेवा." "वणीला ट्रॉली झाली, गुडघे वाचले. पुण्यात किती कपात झाली ते देवीलाच ठाऊक." मुक्तिधामवर त्यांचा विशेष लोभ. बाराही ज्योतिर्लिंगं एका छपराखाली, वर भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय आणि शिवाय स्टेशनजवळ. शिर्डीबद्दल कुणी विचारलं तर मात्र ते हात वर करतात. "तो नगर जिल्हा. माझ्या हद्दीत येत नाही."

अण्णा कंजूष आहेत असं कुणी म्हणेल. नाहीत. नास्तिक तर मुळीच नाहीत. संकष्टी पाळतात, एकादशीला खिचडी खातात. त्यांना फक्त फसायचं नाही. आयुष्यात एकदाही, कुणाकडूनही, अगदी देवाकडूनसुद्धा. असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या गल्लीचं दुर्दैव इतकंच की आमच्याभोवती तीर्थं जरा जास्त आहेत.

या सगळ्यात एकाच ठिकाणाचा निकाल वर्षानुवर्षं लागत नव्हता. ते म्हणजे बाळ येशू. नाशिकरोडहून नाशिककडे येताना, पुणे रस्त्यावर, सेंट झेवियर शाळेच्या शेजारी. अण्णांच्या फाटकापासून सांगायला लाज वाटावी इतकं जवळ. जेझुइट फादरांचं देवालय. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की तिथं यात्रा भरते आणि माणूस लाखांनी लोटतो. मुंबई, वसई, गोवा, कुठकुठल्या गाड्या येतात. मराठी, कोकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत मिस्सा चालतात, वाहतूक वळवतात, रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे ढीग लागतात. दरवर्षी अण्णा गॅलरीत उभे राहून ती गर्दी न्याहाळतात आणि म्हणतात, "या वर्षी एकदा ठरवून टाकलं पाहिजे, जाण्यासारखं आहे की नाही."

त्यासाठी त्यांनी एक वही घातली. प्रवास, रांग, दर्शन, प्रसाद, चप्पल, इतर असे रकाने आखले. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सबाई वसईच्या. यात्रेला त्यांच्या माहेरचं अख्खं लटांबर येतं आणि जिन्यात अण्णा वही घेऊन उभे असतात. एका वर्षी बाईंचे काका सापडले. सदऱ्याची बाही मुडपलेली, हातात द्राक्षाची पेटी.

"किती वाजता निघालात?"

"तीनला. पहाटे."

"घाट?"

"कसाऱ्याला अडकलो थोडं."

"थोडं म्हणजे?"

"झोपलो होतो मी."

"रांग किती होती?"

"होती की मोठी."

"मोठी म्हणजे किती?"

"मोजली नाय."

अण्णांनी पेन खाली केलं. देवाच्या दारची रांग न मोजता उभा राहणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. पण ते सावरले. "बरं, नवस कसला होता? फळला का?"

"तो होऊन झाली की वर्षं. नात झाली. आता शाळेत जाते."

"मग आता कशासाठी आलात?"

काकांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. "भेटायला," ते म्हणाले.

या उत्तराला वहीत रकाना नव्हता. अण्णांनी बराच विचार करून ते "इतर"मध्ये टाकलं.

त्यानंतर अण्णांनी मुळापासून तपास करायचं ठरवलं आणि मुळापर्यंत गेल्यावर त्यांना पहिला दोष सापडला. मूळ मूर्ती नाशिकला नाहीच. ती प्रागला आहे, तिथल्या कार्मेलाइट साधूंच्या चर्चमध्ये. "म्हणजे ही कॉपी!" अण्णा जिन्यात उभं राहून म्हणाले. नोट प्रेसच्या माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. नर्सबाई दूध घेऊन वर निघाल्या होत्या. त्या थांबल्या. "अण्णा, तुमच्या मुक्तिधामला बारा आहेत. त्या काय मूळच्या?"

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पण त्या एका छपराखाली आहेत."

मुळाचा इतिहास मात्र त्यांनी पाठ केला आणि आम्हाला ऐकवला. मूर्ती स्पेनमधली, लाकडावर मेणाची, उंची जेमतेम दीड फूट. एका हातात पृथ्वीचा गोल, दुसरा हात आशीर्वादाला. १६२८ साली पोलिक्सेना नावाच्या सरदारघराण्यातल्या बाईने ती त्या साधूंना दिली. तीनच वर्षांत सॅक्सन फौजा शहरात घुसल्या, साधू पळाले, मूर्तीचे हात मोडले आणि ती वेदीमागच्या अडगळीत पडून राहिली. पुढे फादर सिरिल नावाच्या साधूला ती सापडली. आम्ही हळहळलो. अण्णा म्हणाले, "वर्षानुवर्षं वेदीमागे कुणी केर काढला नाही, याचा अर्थ काय?" आणि वहीत लिहिलं, ‘देखभाल असमाधानकारक.’

त्या मूर्तीला शंभरावर पोशाख आहेत, त्यातला एक ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने दिलेला, सणवारांप्रमाणे रंग बदलतात, हे कळल्यावर काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच की." काकूंचं हे असं असतं. मोजकं बोलतात. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ दोनदा वाचलंय. अण्णांनी त्याची पानं मोजलीयत.

एका स्थळाचा निकाल द्यायचा तर तुलना हवी, म्हणून अण्णांनी बाकीची ख्रिस्ती तीर्थंही तपासायला घेतली. वांद्र्याची मोतमाउली: सप्टेंबरात जत्रा, मेणाची घरं, मेणाचे हातपाय, मेणाची बाळं, पण पाऊस. वेलंकणी: फारच लांब. जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरचं शव दहा वर्षांतून एकदा दर्शनाला काढतात, हे मात्र त्यांना पटलं. "सिंहस्थापेक्षा दोन वर्षं लवकर," ते म्हणाले आणि पाव गुण जास्त दिला. २०२४च्या नोव्हेंबरात तो सोहळा सुरू झाला. अण्णांनी रेल्वे पाहिली, बस पाहिली, हॉटेलांचे दर लिहून काढले, डिसेंबरात गर्दी असते म्हणून थांबले, जानेवारीत उतरेल म्हणाले. ५ जानेवारीला सोहळा संपला. आता २०३४चा विचार चालू आहे. तसा घरच्या सिंहस्थाचाही चालूच आहे. २०१५ला गर्दी ओसरल्यावर रामकुंडावर जायचं ठरलं होतं. गर्दी ओसरली, मग अण्णा म्हणाले, आता काय बघायचं?

गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून त्यांचे मेहुणे आले, बरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू. नातवाने येता येता गाडीतून ते देवालय पाहिलं होतं. "तिथं जायचं का आजोबा?" मेहुण्यांनी अण्णांकडे पाहिलं. सगळ्या कॉलनीने अण्णांकडे पाहिलं. वही भरत आलेली होती, पण शेरा कोरा. अण्णांनी दोन दिवसांची मुदत मागितली आणि यात्रा आटोपल्यावर, गर्दी नसलेला वार बघून, प्रत्यक्ष पाहणीला निघाले. एकटं कसं जायचं म्हणून काकूंना बरोबर घेतलं. मीही होतो, कारण मला त्याच बाजूला काम होतं. खरं सांगायचं तर काम नव्हतं.

फाटकाशी मेणबत्त्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. अण्णांनी भाव विचारायला तोंड उघडलं तोवर ती काकूंना म्हणाली, "आज उशीर केलात मावशी? मोठी देऊ का?"

"लहानच दे," काकू म्हणाल्या, "आज हे बरोबर आहेत."

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. "ही तुला ओळखते?"

"हो."

"कधीपासून?"

"सुमीच्या बारावीपासून."

सुमीचा मुलगा आता दहावीत आहे. अण्णांनी मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला, तो चुकला असावा, पुन्हा केला. "आणि मला बोलली नाहीस?"

"तुमचं ठरत होतं ना."

काकू चपला काढून आत गेल्या. कुठून आत शिरायचं, मेणबत्ती कुठं लावायची, कुठल्या बाकावर पंखा लागतो, सगळं त्यांना पाठ होतं. अण्णा मागे मागे. त्या दिवशी त्यांनी मूर्तीची उंची मोजली नाही. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ते काकूंकडेच बघत होते, उजेडात धरल्यासारखे. बाहेर पडल्यावर फाटकाशीच त्यांनी उलटतपासणी सुरू केली. ब्रह्मगिरीची फेरी? "श्रावणात, मंडळाबरोबर. दोनदा." मोतमाउली? "ताईकडे मुंबईला गेले होते तेव्हा. पाऊस होता, छत्री होती." रामकुंड, सिंहस्थात? "पहाटे. तुम्ही झोपला होतात." शेवटी अण्णांनी भीतभीतच विचारलं, "जुनं गोवं?"

"मागच्या वेळी. २०१४ला. महिला मंडळाची सहल होती."

"मी घरी होतो तेव्हा! तू तर शिर्डीला म्हणून गेली होतीस!"

"शिर्डी म्हटलं की तुम्ही पुढचं विचारत नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या हद्दीत येत नाही ना."

रिक्षात अण्णा गप्प होते. दत्त मंदिर सिग्नलला त्यांनी वही काढली, गोव्याचं पान उघडलं आणि हळूच विचारलं, "रांग किती होती गं?"

काकू रस्त्यावरची द्राक्षं बघत होत्या. भाव विचारायला त्यांनी रिक्षा थांबवली, खाली उतरल्या, एक मणी तोंडात टाकला आणि दोन किलो घेतली. घरी पोचलो तर मेहुणे जिन्यातच भेटले. अण्णांची मुदत संपेपर्यंत पोर काही दम धरेना, म्हणून ते दोघं सकाळीच जाऊन आले होते.

"कसं वाटलं?" अण्णांनी पेन उघडून विचारलं.

"मस्त," नातू म्हणाला. "आजोबा, तुम्ही अजून गेला नाहीत?"