बैठकीतला बोर्डो

मे महिन्यात नागपुरात घर रंगवायला काढू नये. रंग झटपट वाळतो हे खरं, पण रंगारी आणि घरची माणसंही वाळतात. आमची बैठक पश्चिमेची. बाहेर ४५ अंश असले की ती भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी. कूलर आहे, खिडकीला वाळ्याची ताटी आहे. आता निदान डोळ्यांना तरी गार वाटावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

इतवारीतल्या दुकानात शेड कार्ड उलगडलं आणि हवा तो रंग सापडला. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा, वरून राखेचा हात फिरलेला. नाव कुठल्याशा परदेशी खाडीचं. पारवा, शेवाळी, मोरपंखी, सगळी आपली नावं लावून पाहिली, एकही बसेना. दुकानदार म्हणाला, “रामा ग्रीनच म्हणा ना ताई.” रामा मला पैठणीवरचा ठाऊक. हा म्हणजे दहा वर्षं धुतलेला रामा. नवरा पुटपुटला, “पैसे नव्याचे अन् रंग जुना?” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसरा हात मारून झाला त्या संध्याकाळी काटोलहून सासरे आले. दुपट्टा खांद्यावरून काढला, भिंतीजवळ गेले, नखानं जरासं खरवडून पाहिलं.

“सूनबाई, हे तं बोर्डो हाय.”

आणि खरंच की! लग्न होऊन आल्यापासून संत्र्याच्या बागेत दर पावसाळ्याआधी मी हाच रंग पाहत आलेय. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत भिजत घालायचं, लोखंडाच्या नाही. चुना वेगळा कालवायचा. दोन्ही एकत्र केलं की सासरे त्यात विळ्याचं पातं बुडवणार. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना. मग ते मलम झाडांच्या खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत फासायचं, डिंक्या होऊ नये म्हणून. ओलं असताना भडक निळं, वाळलं की नेमकं माझ्या भिंतीसारखं.

या मलमाची जन्मकथाही मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, ते रोगासाठी नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ साली त्यानं ते जाहीर केलं. म्हणजे चोरांना बुजवायचा रंग मी पाहुण्यांच्या बैठकीत लावला होता. काही पाहुण्यांच्या बाबतीत ते चालण्यासारखं आहे.

सासऱ्यांची शंका मात्र निराळीच होती. छताकडे बघत म्हणाले, “मीटरभराच्या वर कायले लावला मंग?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रंग दिवसा हिरवट दिसतो, ट्यूबलाइटमध्ये निळसर. सासरे आले की त्यांची खुर्ची आता त्याच भिंतीला टेकून असते. दीड लिटर रंग उरलाय, डबा बाल्कनीत आहे. कुणाला हवा असेल तर खुशाल न्या. फक्त झाडाला फासू नका, त्यात मोरचूद नाही.