बंद कंपनीचे भाऊजी

कुठल्याही कंपनीला घरघर लागली की ती सगळ्यात आधी भिलाईत आमच्या भाऊजींना ऐकू येते. गिधाडांना लांबून कळतं तसं, असं लिहिणार होतो. पण ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, म्हणून कावळ्यावर भागवतो. खरं तर कावळाच जास्त बरोबर आहे. गिधाड विचार करत नाही. कावळा पिंडाजवळ येतो, मान वाकडी करून बघतो, मागे सरकतो, झाडावर जाऊन बसतो, पुन्हा येतो. इकडे गुरुजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे उन्हात ताटकळलेले. भाऊजींचंही अगदी असंच.

लीजवर घेतलेल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये शिरलात की व्हरांड्यात म्हैसूरची येझदी उभी दिसते. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी भाऊजींनी ती घेतली. मनगटावर एचएमटी. एचएमटीची घड्याळं बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये आली, तेव्हा त्यांनी तीन आणली. एक हातात, दोन कपाटात, 'राखीव'. दिवाणखान्यात वेस्टनचा टीव्ही आहे. त्याच्यावर आता फक्त गणपती बसतो, पण टीव्ही काढून टाकायचा विषय निघाला की भाऊजी म्हणतात, "बिघडलेला कुठे आहे? लावलेला नाही, एवढंच." ताईचं म्हणणं, या घरात अजून चालू असलेली एकच कंपनी आहे, ती म्हणजे मी.

आणि दाराशी मॅटिझ. डेवू कंपनी बुडत होती त्या दिवसांत, 2002 साली, सुटीत घेतलेली. सुटीत म्हणजे सुट्टीत नव्हे, सवलतीत. भाऊजींच्या तोंडी 'सूट' हा शब्द देवाच्या नावासारखा येतो. वस्तू काय आहे हा नंतरचा प्रश्न.

18 मे 2017. नागपुरात रात्री दहाला फोन वाजला. दिवसभराच्या उन्हानं मी अर्धमेला होऊन कूलरपुढे पडलो होतो.

"ऐकलं का? शेवरले गेली."

मला झोपेत 'शेवडे गेले' असं ऐकू आलं. "अरेरे," मी म्हणालो. "कधी नेणार?"

"31 डिसेंबरपर्यंत."

मग उलगडा झाला. जनरल मोटर्सनं त्या दिवशी जाहीर केलं होतं की वर्षअखेर शेवरलेच्या गाड्या भारतात विकणं बंद. गुजरातमधला हालोलचा कारखाना आधीच थांबला होता. आपल्या तळेगावचा मात्र चालू राहणार होता, पण तिथे बनणारी बीट गाडी फक्त बाहेरदेशी जाणार होती. विकलेल्या गाड्यांची वॉरंटी, सर्व्हिस, पार्ट सगळं देत राहू, असंही कंपनीनं सांगितलं होतं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्या आता मिळेल त्या भावाला निघणार होत्या. त्यातून 1 जुलैला जीएसटी लागणार म्हणून बाकीच्या कंपन्यांचे विक्रेतेही माल काढायच्या घाईत. म्हणजे भाऊजींच्या दृष्टीनं दिवाळी आणि गुढीपाडवा एकाच आठवड्यात.

"तू विम्याच्या लाईनमधला आहेस. घ्यावी का?"

"नका घेऊ, भाऊजी."

"ठीक. मग शनिवारी ये, बघून घेऊ."

त्यांच्या सल्ला घेण्याचं हे असं आहे. नाही म्हणालात तर तुम्हाला अजून पुरतं समजलेलं नसतं, म्हणून समजावून सांगायला बोलावतात. हो म्हणालात तर त्यांना संशय येतो. नागपूर ते भिलाई अडीचशे किलोमीटरच्या वर. साकोली, देवरी, राजनांदगाव करत, नवतपाच्या तोंडावर, मी गेलो. सख्खी बहीण आहे, इलाज नाही.

ताईनं बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा पुढे ठेवला. पहिला घास पोटात जायच्या आत भाऊजींनी वही उघडली. भिलाई स्टील प्लांटची जुनी डायरी. एका पानावर 'घ्यावी', समोरच्या पानावर 'न घ्यावी'. 'न घ्यावी'च्या पानावर एकच ओळ होती: 'ही काय म्हणेल.'

"मला एक सांग," ते म्हणाले. "आमचा प्लांट कोणी बांधून दिला?"

"रशियानं."

"रशिया नाही. सोव्हिएत युनियननं. 1955 साली करार झाला, 1959 साली राजेंद्रबाबू येऊन पहिल्या भट्टीचं उद्घाटन करून गेले. आता सांग, सोव्हिएत युनियन कुठे आहे?"

मी कांदा चावत राहिलो.

"1991 मध्ये बंद पडला! कंपनी नाही रे बाप्पा, अख्खा देश बंद पडला. शोरूमसकट! मग भट्टी विझली का? रेल्वेचे रूळ निघायचे थांबले का? मी रेल मिलमध्ये सदतीस वर्षं काढली. मशिनीवरच्या पाट्या रशियन, त्यातला आर पण उलटा. पार्ट नाही मिळाला तर आम्ही आमच्या फाउंड्रीत ओतायचो, मशीन शॉपमध्ये घासून बसवायचो. मैत्रीबाग बघ. मैत्री ज्याच्याशी होती तो गेला. बाग आहे, पांढरे वाघ आहेत, पोरं येऊन राहिली. आणि तू मला एका मोटारीची भीती दाखवून राहिला?"

खरं सांगतो, या युक्तिवादाला मला आजवर तोड सापडलेली नाही. ताईला मात्र स्वयंपाकघरातून सापडली.

"प्लांटच्या मागे सगळी भिलाई उभी आहे. या गाडीच्या मागे कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तुम्ही स्टेअरिंगवर असता. मागे मी असते. धक्का मारायला. 2009 पासून."

ही मॅटिझची आठवण होती, पण मॅटिझबद्दल भाऊजी काही ऐकून घेत नाहीत. कंपनी गेल्यावर त्यांनी तिला पंधरा वर्षं जगवलं आणि त्यातच त्यांचा खरा आनंद होता. पॉवर हाऊस भागातल्या कबाड्यांना ते नावानिशी ओळखतात. रेडिएटरचा पंखा दिल्लीत कश्मिरी गेटला मिळाला, तो भाच्यानं गोंडवाना एक्स्प्रेसनं वरच्या बर्थवर शेजारी निजवून आणला. टीसीनं विचारलं तेव्हा भाचा म्हणाला, "पेशंट आहे." नंदिनी रोडच्या एका लेथवाल्याकडे भाऊजींनी दाराची बिजागरी स्वतः उभं राहून घडवून घेतली. ती आता बाकीच्या गाडीपेक्षा जड आहे, दार उघडलं की गाडी त्या बाजूला किंचित झुकते. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. भाऊजी पार्ट शोधायला जातात. पुण्य कुठे जास्त आहे, सांगणं कठीण.

संध्याकाळी आम्ही शोरूमवर गेलो. मी अनेक शोरूम पाहिल्या आहेत, पण ही पहिलीच, जिथे आत शिरताना चप्पल काढावीशी वाटली. निम्मे दिवे बंद. सहा गाड्या ओळीनं उभ्या. कोपऱ्यात दोन पोरं हळू आवाजात बोलत बसलेली. भाऊजींनी सवयीनं आवाज खाली आणला, एकाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जो हुआ, बुरा हुआ." त्या पोरानं मान हलवली. क्षणभर दोघं गप्प. मग भाऊजींनी त्याच सुरात विचारलं, "कितना छोड़ रहे हो?"

आकडा ऐकून मला घाम फुटला आणि भाऊजींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्या काळात साध्या बीटवर जी सूट मिळत होती त्यात आमच्या कॉलनीतल्या एका मुलीचं लग्न झालं असतं, निदान जेवणाचा खर्च. भाऊजींनी बॉनेट उघडायला लावलं, बंद केलं, पुन्हा उघडायला लावलं. सीटखाली हात घालून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन बीटची वंशावळ सांगितली: डेवू बुडाली ती जनरल मोटर्सनं घेतली, मॅटिझचीच पुढची पिढी भारतात 2007 मध्ये स्पार्क म्हणून आली, आणि ही बीटही त्याच कोरियन घराण्यातली, 2010ची. "म्हणजे आपल्या मॅटिझची नात आहे ही! घरातली मुलगी!"

त्या पोरानं मॅट आणि सीटकव्हर फुकट देऊ केले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "अंकल, प्लांट में कुछ निकला है क्या? कॉन्ट्रॅक्ट में भी चलेगा." भाऊजी काही बोलले नाहीत. त्याचा नंबर वहीत लिहून घेतला, 'घ्यावी' आणि 'न घ्यावी' यांच्या मधल्या जागेत. एरवी ते मॅटच्या जोडीला मडफ्लॅप, परफ्यूम आणि देवाची मूर्ती मागितल्याशिवाय उठत नाहीत. त्या दिवशी उठले. हे मी ताईला सांगितलं तर तिचा अजूनही विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सुपेल्यातल्या मेकॅनिक उस्तादकडे. त्यानं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि निकाल दिला. बीटचं डिझेल इंजिन फियाटच्या मल्टिजेटवरून काढलेलं, तीन सिलिंडरचं. स्विफ्टमध्ये बसतं ते त्याचं थोरलं भावंड. "खानदान एक ही है साहब. पर जूता सबका अलग नंबर का है." भाऊजींनी वहीत फक्त पहिलं वाक्य लिहिलं.

मग मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, भाऊजी, विम्यात गाडीची किंमत धरतात. सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के घट, दुसऱ्या वर्षी वीस, पाचव्या वर्षी पन्नास. पण कंपनीनं बनवणंच सोडलेलं मॉडेल असेल तर हे कोष्टक लागू नाही. तिथे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत समजुतीनं किंमत ठरवायची, असा नियम आहे.

मला वाटलं, आता घाबरतील.

"म्हणजे किंमत तू आणि मी ठरवायची?"

"तसं... हो."

"मग अडचण कुठे आहे?"

त्यानंतर पाच आठवडे कावळा झाडावर होता. सहा गाड्यांच्या तीन झाल्या. सकाळी एक आकडा, रात्री दुसरा. एकदा फोन आला की ठरलं, नाही घ्यायची; मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर पुढचं वाक्य, "उद्या परत भाव विचारून येतो." जूनच्या शेवटच्या आठवड्यात, जीएसटी दोन दिवसांवर आला असताना, शोरूमवर एकच बीट उरली होती. लाल. ताईला लाल गाडी अजिबात नको होती. भाऊजींनी तो रंगही दोष म्हणून मांडला आणि त्याचेही पैसे कापून घेतले. कावळा शिवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. तळेगावातून परदेशी जाणारी बीट डिसेंबर 2020 पर्यंत बनत राहिली, आणि तोवर भाऊजी सांगायचे की कंपनी बंद कुठे आहे, फक्त आपल्याशी बोलत नाही. 2023 मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं केला. "माहेर विकलं गेलं," म्हणाले, आणि त्या दिवशी गाडी धुतली. मध्ये 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री ताईनं त्यांचा फोन तांदळाच्या डब्यात लपवला.

बीट चालते. उत्तम चालते, हे मला कबूल करावं लागतं. मॅटिझही दाराशीच आहे; आजी-नात शेजारी उभ्या असतात. गेल्या पावसाळ्यात सेक्टरमधल्या एका सांडानं पाठ खाजवता खाजवता बीटचा डावा आरसा तोडला. रायपूरला नवा मिळत होता, डब्यात सीलबंद, पण छापील किमतीला. भाऊजींनी तो हातात घेतला, काचेत स्वतःला पाहिलं आणि परत दिला. बंद कंपनीचा पार्ट आणि पूर्ण भाव, हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हापासून डावीकडचं ताई बघून सांगते.

तरी वाचकांपैकी कुणाकडे 2017च्या बीटचा डाव्या बाजूचा आरसा पडून असेल, तर कृपया कळवावं. भाऊजी पैसे रोख देतात आणि न्यायला स्वतः येतात, अंतर कितीही असो. फक्त भाव सांगताना कंपनी बंद आहे, हे लक्षात घ्यावं.