पेन्शनीतला पाववाला

इंदूरच्या मराठी माणसाने निवृत्त झाल्यावर काय करायचे, हे फार पूर्वीच ठरून गेले आहे. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी झोप, संध्याकाळी एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीत भांडण. रामबाग, नारायणबागेत हा क्रम अजून सुरळीत चालू आहे. पण तिथले वडिलोपार्जित घर विकून ज्यांनी राऊच्या नव्या टाउनशिपमध्ये बंगला घेतला, त्यांना भांडायला मंडळ जवळ राहिले नाही. त्यांच्यातून अलीकडे एक नवीच जमात निघाली आहे. हिच्या ओट्यावर ओटीजी असतो, कमरेला ॲप्रन असतो आणि फ्रिजच्या दारात, इनोच्या शेजारी, यीस्टचे पाकीट असते.

आमच्या कॉलनीतले काका या जमातीचे अव्वल नमुने. पीथमपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. माल पास करायचा नाहीतर परत पाठवायचा, एवढेच काम. असा माणूस घरी बसला की त्याला तपासायला काहीतरी लागतेच. निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंच्या पोळीचा व्यास मोजला. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी त्यांना एका कोपऱ्यातला अर्धा ओटा तोडून दिला आणि सांगितले, की इकडे काय करायचे ते करा, तिकडे फिरकू नका. बेकरीचा जन्म असा फाळणीतून झाला.

हॉट क्रॉस बन मात्र मेलबर्नहून आला. काकांचा मुलगा तिथे असतो. तिकडे नाताळ उतरतो न उतरतो तोच दुकानांत हे बन दिसू लागतात. बेदाणे आणि संत्र्याची साखरेत मुरवलेली साल घातलेले, दालचिनी-जायफळाच्या वासाचे, डोक्यावर पांढरा क्रॉस. मुलाने व्हिडिओ कॉलवर खाता खाता एक दाखवला. ‘‘विकतचा?’’ काकांनी विचारले आणि त्या स्वरात आमच्या कॉलनीचे पुढचे सगळे ईस्टर ठरून गेले.

ही निवड किती धूर्त होती ते मला फार उशिरा उमगले. काकांनी पुरणपोळी करायला घेतली असती, तर समोरच्या वहिनींपासून त्यांच्या आतेसासूपर्यंत दहा परीक्षक हजर झाले असते. ‘चण्याची डाळ जास्त शिजली हो,’ हे ऐकून घ्यावे लागले असते. हॉट क्रॉस बन कसा असावा, हे राऊत कोणालाच ठाऊक नाही. तो वांद्र्याला, वसईला ठाऊक. तिथल्या बेकऱ्या गुड फ्रायडेला ढिगाने करतात. इथे जो करील तोच जाणकार. जिथे कोणी चूक काढू शकणार नाही असा पदार्थ निवडणे, ही या जमातीची खरी ओळख आहे.

पीठ पाव किलो नव्हे, 250 ग्रॅम. दूध पेलाभर नव्हे, 150 मिली, आणि तेही थर्मामीटर बुडवून. पुस्तकात लिहिलेले असते, की कणीक उबदार जागी तासभर ठेवा. ज्याने ते लिहिले तो बिचारा थंडीत कुडकुडत लिहीत असणार. एप्रिलातल्या राऊत उबदार जागा शोधावी लागत नाही. राऊच ती जागा. पारा चाळिशीला टेकला की कणीक काका ‘अंघोळ करून येतो’ म्हणेपर्यंत परातीबाहेर येते. पहिल्या वर्षी ती आंबून गेली. आता ती फ्रिजमध्ये फुगते आणि तिला जागा करायला काकूंचा श्रीखंडाचा चक्का बाहेर येतो. फाळणीनंतरचे सीमावाद ते हेच.

क्रॉस काढायची पाळी आली की आम्हा शेजाऱ्यांना बोलावणे येते. मैदा पाण्यात कालवून केलेली घट्टसर खळ सांचीच्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरायची, कोपरा अगदी बारीक कापायचा, श्वास रोखायचा. मांडून ठेवलेल्या बनांच्या रांगेवरून आधी आडवी रेघ एका दमात, मग उभी. हात चांगलाच बसला आहे त्यांचा. शेजारचा चौथीतला मुलगा हे सगळे टक लावून पाहत होता. शेवटी म्हणाला, ‘‘काका, सगळ्यांवर फुली? एकपण बरोबर नाही?’’ जन्मभर नापास मालावर फुली मारलेला माणूस क्षणभर हातातली पिशवी धरून उभाच राहिला.

बन भट्टीत गेले की इतिहास निघतो. महूची छावणी इंग्रजांनी 1818 साली वसवली, तेव्हा हा बन राऊवरून गेलेला असणारच, असे काकांचे अनुमान. पुरावा मागायचा नाही. पण 1592 साली लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने मसाल्याचे पाव एरवी विकायला बंदी घातली होती, हे मात्र खरे. सूट होती फक्त गुड फ्रायडेला, नाताळला आणि अंत्यविधीला. हे शेवटचे ऐकून एका वहिनींनी हातातला बन हळूच बशीत ठेवला. गुड फ्रायडेला भाजलेल्या बनाला वर्षभर बुरशी येत नाही, असा एक इंग्रजी समज आहे. तो तपासायला काकांनी एक बन तारीख घालून दारात लिंबू-मिरचीशेजारी टांगला. जुलैत त्यावर हिरवी लव आली. वहीत कारण लिहिले गेले : पॅकिंग.

ट्रेबरोबर एक छापील तक्ता येतो. रंग, उंची, क्रॉसची जाडी, सुवास, शेरा. कॉलनी इंदुरी असल्यामुळे शेरे ठरलेले. ‘‘बढ़िया है भिया, बस सेव नी है.’’ एका घरी तर बन मधोमध चिरून आत सेव, कांदा आणि जीरावण भरलेले मी पाहिले, खाल्लेसुद्धा. चांगले लागते. काकांना कोणी सांगू नये.

खरा परीक्षक एकदाच आला. महूचे त्यांचे जुने सहकारी, कॅथलिक. त्यांनी दोन बन शांतपणे संपवले. काका पेन उघडून बसले होते. ‘‘अरे यार, आमच्याकडे घरी कोण करतंय? बेकरीतून आणतो,’’ पाहुणे म्हणाले. ‘‘तो जरा कडक असतो.’’ काकांनी शेरा लिहिला : ‘बाजारातील मालापेक्षा मऊ. पास.’

यंदा, 2026 साली, गुरुवारी हनुमान जयंती, शुक्रवारी गुड फ्रायडे, रविवारी ईस्टर आणि त्याच रविवारी संकष्टी. काकांना याचे अप्रूप नव्हते. 21 मार्चनंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, तेव्हा संकष्टी आसपास येणारच, हे त्यांनी आम्हाला कालनिर्णय उघडून समजावले. 2023 लाही असेच झाले होते. ‘‘म्हणजे तुमचा पावसुद्धा पंचांग बघूनच होतो,’’ काकू म्हणाल्या. त्यांचा दिवसभर उपास, त्यामुळे चाखण्याचे काम आमच्यावर, आणि आमचे सगळ्यांचे शेरे ‘उत्तम’.

रात्री चंद्रोदय झाला. नैवेद्य, आरती, मोदक सगळे झाल्यावर काकूंनी अर्धा बन उचलला. काका तक्ता घेऊन समोर उभे. काकूंनी एक घास खाल्ला, दुसरा नाकाशी नेला.

‘‘अहो, जायफळ किसून ठेवलेलं घातलंत ना? वास उडालाय.’’

कितीतरी होळ्यांच्या पुरणात ज्या बाईने जायफळ उगाळले, तिच्यापुढे मेलबर्न, लंडन आणि 1592 यांचे काय चालणार? काकांनी चष्मा सारखा केला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतले. ‘‘कच्चा माल सदोष. पुरवठादार बदलणे.’’

‘‘पुरवठादार कोण?’’

‘‘अगं, डबी तुझ्याच मांडणीतली होती.’’

‘‘म्हणूनच सांगतेय,’’ काकू म्हणाल्या, ‘‘दिवाळीतलं आहे ते. आणि तुम्ही सीमा ओलांडून इकडे आलात कधी?’’