केशवैद्य काकू

केशवैद्य काकू ही पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही. ती सोसायटी बहाल करते आणि एकदा दिली की परत घेण्याची सोय नसते. साधारण प्रत्येक इमारतीत अशा एक काकू असतात. चुकून दोन असल्या तर त्यांचे आपसांत पटत नाही, कारण एकींच्या मते कढीपत्ता खोबरेलात उकळायचा असतो आणि दुसरींच्या मते नुसता उन्हात मुरवायचा.

काकूंचे प्रमाणपत्र म्हणजे लग्नाच्या अल्बममधला शेपटा. तो कमरेच्या खाली पोचतो. सध्याच्या अंबाड्यात गंगावन किती, हा प्रश्न विचारण्याची प्रथा नाही.

तपासणी जिन्यात, लिफ्टमध्ये किंवा हळदीकुंकवाला होते आणि रुग्णाला आपण रुग्ण असल्याचे तेव्हाच कळते. ‘‘किती विरळ झालेत गं!’’ हा नमस्काराचाच एक प्रकार होय. मग तीन प्रश्न येतात: बोअरचं पाणी येतं का, रात्री जागतेस का, विंचरताना हातात किती येतात? उत्तरे काहीही असोत, निदान एकच: शाम्पू. माणसाच्या डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळणे स्वाभाविक असते. काकूंना हा हिशेब मंजूर नसतो.

औषधे स्वयंपाकघरातूनच निघतात. पहिला मान मेथीचा. रात्रभर भिजवून वाटल्यावर मेथीदाण्यांतला बुळबुळीत डिंक सुटतो, तो केसांवर बसतो आणि गुंता सहज निघतो. जास्वंदीची पानेही हेच काम करतात. मात्र त्यांचा लगदा फ्रिजमध्ये झाकून ठेवला जातो आणि घरातले कोणीतरी तो चटणी समजून पोळीला लावते. कढीपत्त्याच्या तेलाने केसांना दिवसभर फोडणीचा वास येतो. ज्या घरात अंड्याला ओट्यावर मज्जाव असतो, तिथे ते न्हाणीघरात उजळ माथ्याने जाते. त्यातली प्रथिने केसात शिरण्याइतकी लहान नसतात, वरवर लेप देतात. गिझरचे कढत पाणी पडले तर मात्र अंडे केसांतच शिजू लागते आणि त्या दिवशी फणीने भुर्जी निघते.

शिकेकाईबाबत काकू बरोबर असतात. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो आणि मळ निघतो. डोळ्यांत गेल्यास काय होते, हे सर्व मराठी बालकांना ठाऊक आहे. खोबरेलाबाबतही त्या बरोबर असतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या रेले आणि मोहिले यांच्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी केली, कारण ते केसाच्या आत शिरते. काकूंनी हा अभ्यास वाचलेला नसतो; पण त्या आडनावांवर त्यांचा लगेच विश्वास बसेल.

गोची होते कोंड्याशी. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती टाळूवरच्या तेलकटपणावर जगते. तिच्यावर तेल चोपडणे म्हणजे जाऊ पाहणाऱ्या पाहुण्याला आग्रहाने पुन्हा वाढणे. काकू मात्र कोंड्याला ‘टाळू कोरडी पडली’ म्हणतात आणि वाटीभर तेल गरम करायला ठेवतात.

तरीही काकूंना यश येते आणि त्याचे कारण सरळ आहे. बाळंतपण, टायफॉइड किंवा मोठे आजारपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळू लागतात. गळती ऐन भरात असतानाच रुग्ण काकूंचे दार वाजवतो. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. श्रेय मेथीला जाते. गळती थांबली नाही, तर ‘‘नेमाने केलं नसशील’’ हा निकाल तयार असतो. आनुवंशिक टकलावर मेथीचे काही चालत नाही. याचा चालताबोलता दाखला काकूंच्याच घरात, काकांच्या रूपाने, पेपर वाचत बसलेला असतो. परंतु ‘‘यांनी माझं कधी ऐकलंय?’’ या वाक्याने तो बाद होतो.

एकूण पाहता काकूंची औषधे केसाला चकाकी देतात, गुंता सोडवतात आणि मालिशीने डोके शांत करतात. टाळूच्या वर दिसणारा केस मृत असतो, त्याची निगा घेता येते. नवा केस उगवतो तो त्वचेखालच्या मुळातून, आणि तिथपर्यंत मेथीचा लगदा पोचत नाही. म्हणून गोल चाई पडली, टाळू लाल होऊन दुखू लागली किंवा गळती सहा महिने थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि सांगितल्यास रक्तातले लोह व थायरॉइड तपासून घ्यावे. ही गोष्ट काकूंना कळवण्याची गरज नाही.