अंगठा वर म्हणजे वर

पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘झकास’ होत नाही. ‘वर चला’ असा होतो. झकास सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. स्कूबाच्या पहिल्या तासाला हे शिकवतात. पण दिवसभर मोबाइलवर अंगठे पाठवायची सवय झालेला माणूस पहिल्याच बुडीत ते विसरतो.

माझा दादा विसरला. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाजवळ, जेमतेम सहा मीटर खोलीवर, त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने अंगठा वर केला. दादाने मान डोलावली, आपलाही अंगठा दाखवला आणि पाय मारत पुढे निघाला. तिने पुन्हा अंगठा वर केला. या वेळी दोन्ही हातांचे. मी मागेच होते. मास्कच्या काचेआड तिचे डोळे मला स्पष्ट दिसत होते. तिच्या रेग्युलेटरमधून बुडबुडे एकामागून एक भराभर सुटत होते. श्वास उथळ झाला की असंच होतं. शेजारी असलेल्या प्रशिक्षिकेने तिचा दंड धरला, तिच्या डोळ्यांत पाहिलं, स्वतःचा अंगठा वर केला आणि तिला सावकाश वर नेलं. दादाला मी गाठलं. आम्हीही वर आलो.

वर आल्यावर दादाची सरबत्ती. कान दुखला का? हवा येत नव्हती का? मास्कमध्ये पाणी गेलं का? पोर प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “नको वाटलं.”

“नको वाटलं म्हणजे काय? अगं, केवढ्या लांब आलोय आपण! पैसे भरलेत.”

प्रशिक्षिकेला मराठी येत नव्हतं, पण बापाचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. तिने दादाला शांतपणे सांगितलं की कारण विचारायचं नाही. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने बुडी थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याला जाब विचारला जात नाही.

जगभर स्कूबा करणारी माणसं हा नियम पाळतात. आमच्या घरांत तो नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्याकडे पोराने ‘नको’ म्हटलं की ती वाटाघाटीची सुरुवात असते. नको म्हणणाऱ्याच्या ताटात अर्धी पोळी वाढतात. नको म्हणणाऱ्याला स्नेहसंमेलनात ढकलतात. पोहायला शिकवायची आमची जुनी रीत आठवा: पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि काकाने विहिरीत ढकलून द्यायचं. भीती मोडते म्हणतात. काहींची मोडली असेल. काही जन्मभर पाण्यापासून लांब राहिले, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांतला एक आमच्याच घरात होता. माझे वडील. साठ वर्षं ते नदीच्या पायरीवरून खाली उतरले नाहीत.

ही विहिरीची रीत स्कूबात आणायला मात्र माझा साफ विरोध आहे, आणि त्याला कारण आहे. विहिरीत गटांगळी खाणाऱ्या पोराच्या छातीत असते ती काठावरची हवा. स्कूबाच्या सिलिंडरमधून येणारी हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाने येते. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, सहा मीटरवर दीडपटीहून थोडा जास्त. तिथे छातीभर श्वास घेतला, घाबरून तोंड मिटलं आणि वर उसळी मारली, तर तीच हवा फुगत फुगत दीडपटीच्या वर जाते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. म्हणून या खेळातला पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलेलं माणूस नेमकं तेच करतं. पोराची भीती दोन-चार मीटरवर, हाताची खूण असतानाच ऐकली तर ते शांतपणे वर येतं. दुर्लक्ष करून बारा मीटरपर्यंत नेलं, की मग ते खूण करत बसत नाही. सरळ पळतं.

कानांचंही तेच. दोन-तीन मीटरवरच पडद्यावर दाब जाणवतो. नाक दाबून हळूच हवा सोडत कान मोकळे करावे लागतात. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांना वेळ लागतो. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य इथे गुन्ह्याच्या जवळ जातं.

पाडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे ज्युनिअर ओपन वॉटरचं प्रमाणपत्र दहाव्या वर्षापासून मिळतं, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरखाली नेता येत नाही. आईबाप हे आकडे पाठ करतात. भाचीचा दहावा वाढदिवस झाला त्याच महिन्यात दादाने ह्यूस्टनहून तिकिटं काढली. पण दहा हे पाण्यात उतरायची परवानगी देणारं वय आहे. त्या वयाला इच्छा आपोआप चिकटून येत नाही.

आता बोनेअरबद्दल. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, अरुबा आणि कुरसावच्या रांगेतलं हे बेट. 10 ऑक्टोबर 2010 पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. चलन डॉलर, रस्त्यावरची बोली पापियामेंतू, आणि मोटारींच्या नंबरप्लेटवर लिहिलेलं ‘डायव्हर्स पॅरडाइज’. पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यालगत पिवळे रंगवलेले दगड आहेत आणि प्रत्येकावर बुडीच्या जागेचं नाव. पिकअपमध्ये सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं, अंगावर सामान चढवायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. काठावरून थोडं पोहलं की प्रवाळाचा उतार सुरू होतो. एका जागेचं नाव ‘थाउजंड स्टेप्स’. पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत, पण पाठीवर सिलिंडर घेऊन चढताना ते नाव पटतं.

कुटुंबासाठी हे बेट चांगलं असं सगळे सांगतात ते कासवांसाठी, पोपटमाशांसाठी, सव्वीस-सत्तावीस अंशांखाली क्वचितच जाणाऱ्या पाण्यासाठी. माझं कारण वेगळं आहे. इथे होडी लागत नाही. होडीवर आणखी दहा-बारा जण असतात, त्यांचे पैसे असतात, घड्याळ असतं, आणि एका पोरासाठी सगळ्यांनी थांबायचं म्हटलं की ते पोर गप्प बसतं. काठावरून उतरलात तर पाच मिनिटांत गुडघाभर पाण्यात परत येता येतं. नको म्हणायला इथे फार किंमत पडत नाही. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्याने आधी हे पाहावं, मासे मागाहून.

या बेटाला स्वतःलाही नको म्हणता येतं. 1971 मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली, 1975 मध्ये प्रवाळ काढण्यावर. 1979 पासून बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान आहे. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, म्हणून होड्यांसाठी बांधीव बोये आहेत. त्यामागे कॅप्टन डॉन स्टुअर्ट हा अमेरिकी माणूस होता. 1962 मध्ये शिडाच्या जहाजातून इथे आला आणि इथलाच झाला. इथला डायव्हिंगचा धंदा उभा करणाऱ्यांत तो पहिला, आणि त्या धंद्याला आवर घालणाऱ्यांतही. हातमोजे घालायलाही इथे मनाई आहे. उघडा हात प्रवाळाला लावायला माणूस बिचकतो, मोजा घातला की बिनदिक्कत धरतो. या नियमामागचा विचार मला फार आवडतो.

मग 2023 च्या मार्चमध्ये प्रवाळाचा एक रोग इथे पोचला. फ्लोरिडात 2014 मध्ये पहिल्यांदा दिसलेला हा रोग दगडी प्रवाळाची जिवंत त्वचा सोलत नेतो. मागे राहतो पांढरा सांगाडा. शेकडो वर्षांचं मेंदू-प्रवाळ काही आठवड्यांत जातं. उद्यानाने काही जागा बुडीसाठी बंद केल्या, आणि एका बुडीनंतर सामान जंतुनाशकात बुडवून मगच दुसरीकडे जा म्हणून सांगितलं. आमच्या मुक्कामातही वेटसूट आणि बीसीडी, म्हणजे हवेचं जाकीट, रोज संध्याकाळी पिंपात बुडवत होतो. शेजारच्या खोलीतल्या एका कुटुंबाला हा जाच वाटला. सुट्टीवर आलोय, धुणी धुवायला नाही, असं म्हणाले. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. ज्याच्या घरी चार दिवस पाहुणे आलो त्याच्या दारात पाय धुवायला कसली लाज?

दुसऱ्या दिवशी भाची पाण्यात उतरली नाही. वहिनीने गाडी दक्षिणेला घेतली, मीही गेले. तिकडे मिठागरं आहेत. गुलाबी पाणी, मिठाचे पांढरे डोंगर, दूर रोहित पक्षी. रस्ता आणि समुद्र यांच्या मधोमध दगडी खोपट्यांची रांग लागते. 1850 मध्ये बांधलेली ही गुलामांची खोपटी. मिठागरात राबणारी माणसं रात्री इथे आडवी व्हायची. दार इतकं बुटकं की भाचीलाही वाकावं लागलं. आत ती दोन्ही हात पसरून उभी राहिली, मग उकिडवी बसली. माणसांची घरं होती उत्तरेला, रिंकोन गावात. आठवड्याअखेरीस सात-सात तास चालत तिकडे जायची. या बेटावरची गुलामी संपली ती 1 जुलै 1863 रोजी.

“आत्या, कुणाला बरं नसेल तर?” तिने आतूनच विचारलं. “तरी जायचं कामाला?”

वहिनी म्हणाली, “जायचं.”

पोर बराच वेळ बाहेर आली नाही. त्या खोपट्यांच्या समोरच्याच समुद्रात बुडीची जागा आहे, तिचाही पिवळा दगड आहे. काही जण गाडीतून सामान उतरवत होते. आम्ही नुसत्याच बसून होतो.

तिसऱ्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, मला वरून बघायचंय. पौर्णिमा होऊन तीन रात्री झाल्या होत्या. सूर्य मावळून पाऊण तास उलटला आणि चंद्र उगवायचा होता, तेव्हा आम्ही नळी आणि मास्क लावून काठाजवळ तरंगत राहिलो. टॉर्च बंद. आधी नुसता काळोख. मग प्रवाळावर एक निळा ठिपका, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा, जणू कुणी अंधारात मणी ओवतंय. ओस्ट्रॅकॉड नावाचा तिळाएवढा जीव, खेकड्या-कोळंबीच्या गोतातला. नर पाण्यात उजेडाचे थेंब सोडत वर चढतो, मादी ते थेंब बघत येते. चहूकडे माळाच माळा. भाचीने माझा हात धरला होता, घट्ट, पण श्वास लांब चालला होता. नळीतून मला तो ऐकू येत होता.

मालवणचं सांगायलाच हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांची पहिली बुडी तिथेच होते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा तो समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे आणि जीव लावून शिकवणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. तसंच काठावर रडणाऱ्या पोराला ‘फोटो छान येईल’ म्हणून तोंडात रेग्युलेटर कोंबलेलं पाहिलं आहे, आणि पाण्यात मासे गोळा करायला पाव चुरलेला पाहिला आहे. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. माझ्या मुलाला वर यायचं असेल तर तो काय खूण करेल? आणि ती केल्यावर त्याला कोण वर आणेल? उत्तर द्यायला माणूस अडखळला तर पोराला किल्ला दाखवा. किल्लाही उत्तम आहे.

पाचव्या दिवशी सकाळी भाचीने स्वतः वेटसूट मागितला. दादा काही बोलला नाही. तिच्या पाठीची चेन वर ओढली, सिलिंडर उघडून हवेचा काटा तिला दाखवला. चौघं चालत पाण्यात शिरलो. चार मीटरवर वाळूत गुडघे टेकून ती नुसती बसली. प्रशिक्षिका समोर, दादा डाव्या हाताला. जवळच एक पोपटमासा प्रवाळाचा दगड कुरतडत होता. त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्याने मागून पांढऱ्या वाळूचा लोट सोडला आणि पोर रेग्युलेटरमध्येच हसली. बुडबुड्यांचा गुच्छ उडाला.

अकराव्या मिनिटाला तिने अंगठा वर केला.

दादाने ताबडतोब अंगठा वर केला. हळू, बुडबुड्यांच्या मागे मागे, दोघं वर गेले. मी पोचले तेव्हा त्याने मास्क गळ्यात ओढला होता आणि तिच्या जाकिटात हवा भरत होता.

“भूक लागलीय का गं?” त्याने विचारलं.